घाट नको, स्टेशन कर

प्रिय मित्रा,



तुझा मॉडेल रेल्वेचा आराखडा दोनदा तपासून पाहिला. पाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद जागेत कर्जतपासून लोणावळ्यापर्यंतचा सगळा बोरघाट, त्यात नऊ बोगदे, चार पूल, दोन स्टेशनं आणि सतत फिरणाऱ्या तीन गाड्या. रेखाटन देखणं आहे, मेहनतही दिसते. तरीही माझं मत स्पष्ट सांगतो: हा लेआउट बांधू नकोस. याच घाटातली एकच जागा निवड आणि तीच बांध. मॉडेल रेल्वे फसते ती बहुधा कौशल्य कमी पडल्यामुळे नव्हे, तर मार्ग दाखवायच्या हव्यासामुळे. लेआउटमध्ये मार्ग दाखवता येत नाही, जागा दाखवता येते. या एका म्हणण्यासाठी एवढं लांब पत्र लिहितो आहे, कारण तू नुसत्या सल्ल्याने ऐकणाऱ्यांतला नाहीस, हिशेब मागणाऱ्यांतला आहेस.

तर आधी हिशेब. तू एचओ स्केल धरलं आहेस, म्हणजे 1:87. बोरघाटाची मूळ चढण सुमारे 25 किलोमीटरची आणि तेवढ्यात गाडी जवळजवळ 560 मीटर वर जाते. 87 ने भागलं तर रूळ होतात 287 मीटर आणि उंची होते साडेसहा मीटरच्या आसपास, म्हणजे दुमजली घराएवढी. तुझ्याकडे आहेत पाच मीटर. मूळ मार्गावर 25 बोगदे होते. तू त्यातले नऊच घेतलेस, हा तुला संयम वाटत असेल. पण पाच मीटरांत नऊ बोगदे म्हणजे दर अर्ध्या मीटरला एक बीळ. तो सह्याद्री दिसणार नाही, उंदरांनी पोखरलेला पाव दिसेल. आता गाडी घे. आपला जुना निळा किंवा विटकरी डबा बफरपासून बफरपर्यंत सव्वाबावीस मीटरचा, म्हणजे मॉडेलमध्ये पंचवीस सेंटीमीटरांहून थोडा जास्त. चोवीस डब्यांची गाडी केलीस तर ती इंजिन सोडूनच सहा मीटरांच्या पुढे जाते. ती तुझ्या टेबलावर मावत नाही, इंजिन आपल्याच शेपटीचा पाठलाग करू लागेल. आणि वळणं? ब्रॉडगेजवर 175 मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण नियमात बसत नाही. 1:87 ने ते दोन मीटर त्रिज्येचं होतं. तू साठ सेंटीमीटर धरली आहेस. म्हणजे खऱ्या जगात 52 मीटर त्रिज्येच्या वळणावरून तू मेल गाडी धाडतो आहेस. डबे एकमेकांना कोपरे दाखवत जातील आणि ती गाडी बागेतल्या झुकझुकगाडीसारखी दिसेल.

यावर तू म्हणशील की मॉडेलमध्ये आखडून घ्यावं लागतंच, सगळे तेच करतात. कबूल. आखडून घेण्याला माझा विरोध नाही. पण दहा गोष्टी प्रत्येकी वीस पट आखडायच्या की एकच गोष्ट दीडपट आखडायची, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या फ्रँक एलिसन यांनी 1940 च्या दशकात लेआउटची तुलना रंगमंचाशी केली होती: लेआउट हा मंच, गाड्या ही पात्रं, वेळापत्रक हे कथानक. नाटकवेड्या मराठी माणसाला ही गोष्ट समजावून सांगायची गरज पडू नये. रायगडावरचा प्रवेश असेल तर नेपथ्यकार अख्खा रायगड उभारत नाही; एक बुरूज, एक सदर आणि विंगेतून येणारी-जाणारी माणसं एवढ्यावर काम भागतं. उरलेला गड प्रेक्षक स्वतः बांधतो, आणि तो नेपथ्यकाराच्या पुठ्ठ्यापेक्षा मजबूत असतो. लेआउटलाही विंग असते. इंग्रज तिला फिडल यार्ड म्हणतात: पडद्यामागचे रूळ, जिथे गाड्या येऊन थांबतात, जुळवल्या जातात आणि पुन्हा मंचावर पाठवल्या जातात. तुझ्या आराखड्यात विंगच नाही. तिन्ही गाड्या सदैव मंचावर आहेत, त्यामुळे कुणाचाच प्रवेश होत नाही आणि कुणी निघूनही जात नाही.

मग घाटातली कोणती जागा? बोरघाटाने तुला एक जागा आयती देऊन ठेवली आहे: खंडाळ्याजवळचं रिव्हर्सिंग स्टेशन. जेम्स बर्कली हे जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंता असताना हा मार्ग आखला गेला आणि 1863 मध्ये तो सुरू झाला. सर्वांत तीव्र चढ होता 1:37, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. कड्याला लागून वळण घ्यायला जागाच नव्हती, म्हणून रूळ एका टोकाला नेऊन संपवले. खालून आलेली गाडी त्या बंद टोकाशी थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या बाजूला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. 1929 च्या सुमारास नव्या बोगद्यांतून मार्ग वळवला गेला आणि हे स्टेशन वापरातून गेलं. आता मॉडेल करणाऱ्याच्या नजरेने या जागेकडे बघ. दोन्ही रूळ एकाच बाजूने येतात: एक खालून कर्जतकडचा, एक वरून लोणावळ्याकडचा. म्हणजे विंगही एकाच बाजूला लागते. तीन मीटर साठ सेंटीमीटरचा मंच धर. त्यातला एक मीटर चाळीस सेंटीमीटर स्टेशनासाठी सपाट ठेव. उरलेल्या दोन मीटर वीस सेंटीमीटरांत खऱ्या घाटाचाच 1:37 चढ दिलास तर एक रूळ सहा सेंटीमीटर वर जातो, दुसरा तितकाच खाली उतरतो. विंगेत पोचेपर्यंत दोघांत जवळजवळ बारा सेंटीमीटरांचं अंतर पडतं, म्हणजे एकावर एक असे दोन मजले आरामात बसतात. चढाचं प्रमाण खोटं करावं लागत नाही आणि वळण जवळपास लागतच नाही. त्या काळातले चारचाकी डबे सात-आठ मीटरचे, मॉडेलमध्ये नऊ सेंटीमीटरांच्या आत-बाहेर. सहा डबे आणि एक टँक इंजिन मिळून सत्तर सेंटीमीटरही भरत नाहीत. जी गाडी तुझ्या टेबलावर मावत नव्हती, ती इथे ऐटीत उभी राहते.

आता प्रदर्शनाचा विचार कर, कारण लेआउट घरात बांधणं आणि चार लोकांपुढे मांडणं हे दोन वेगळे धंदे आहेत. प्रेक्षक उभा असतो, त्याच्या कडेवर मूल असतं, मागून रांग ढकलत असते. तो फार तर पाच मिनिटं थांबणार. गोल फिरणारी गाडी पहिल्या फेरीला आनंद देते, दुसऱ्या फेरीला ओळखीची होते, तिसऱ्या फेरीला पंख्यासारखी होते: फिरते आहे खरी, पण तिकडे कुणी बघत नाही. रिव्हर्सिंग स्टेशनात मात्र दर वेळी एक पूर्ण प्रसंग घडतो. सिग्नल पडतो, बोगद्यातून गाडी येते, थांबते. इंजिन सुटतं, सांध्यावरून शेजारच्या रुळावर जातं, गाडीच्या कडेने मागे येतं, दुसऱ्या टोकाला जोडलं जातं. मग ज्या बाजूने गाडी आली त्याच बाजूला, पण वरच्या रुळावर ती निघून जाते. सगळं मिळून तीन-चार मिनिटं. बघणाऱ्याला प्रश्न पडतो: ही उलटी का चालली? आणि प्रश्न पडलेला माणूस हलत नाही. उत्तर द्यायला तू तिथे उभा असशीलच. मागे पडद्याआड बसू नकोस, कडेला उभं राहून गाडी चालव.

तुझा सर्वांत मोठा आक्षेप मला आधीच ऐकू येतो आहे: डेक्कन क्वीनचं काय? आणि हा आक्षेप हलका नाही. मुंबई-पुण्याचा माणूस घाटाचं मॉडेल बघायला येईल तो तिच्यासाठीच. पण ती 1 जून 1930 ला सुरू झाली, तेव्हा रिव्हर्सिंग स्टेशन वापरातून गेलेलं होतं. राणीने या स्टेशनाचं तोंड पाहिलेलं नाही. तिला तिथे उभी केलीस तर रेल्वे जाणणारा पहिलाच माणूस तुझी चूक काढेल आणि त्याचं बरोबर असेल. मला विचारशील तर ही अडचण नसून सोय आहे. डेक्कन क्वीन लोकांनी पाहिलेली आहे, तिच्यात बसून ऑम्लेट खाल्लेलं आहे. तुझं मॉडेल खऱ्या गाडीच्या आठवणीपुढे फिकंच पडणार. रिव्हर्सिंग स्टेशनावरून गेलेला माणूस आज क्वचितच हयात असेल. तिथे आठवणीशी स्पर्धा नाही. तू दाखवशील तेच लोकांना पहिल्यांदा दिसणार आहे.

दुसरा आक्षेप: लोकांना भव्यता हवी असते. हॅम्बुर्गचं मिनियाटुर वुंडरलांट बघ, 2001 मध्ये ब्राउन बंधूंनी सुरू केलेलं, याच 1:87 स्केलमध्ये देशच्या देश उभे केलेत आणि जगभरातून माणसं येतात. खरं आहे. पण तिथे शेकडो पगारी माणसं राबतात, आणि ते सगळं एका जागी कायमचं उभं आहे. आपल्याकडेही पुण्याच्या कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांनी उभं केलेलं लघुरेल्वे संग्रहालय 1998 पासून चालू आहे. तिथेही गाड्या, रस्ते, दिवे, सगळं शहर एकत्र हलतं आणि मुलं हरखून जातात. त्याची भव्यता मला मान्य आहे, पण ती कायमच्या जागेची भव्यता आहे. तुझा लेआउट टेम्पोत चढणार, जिन्यावरून उतरणार, परक्या हॉलमध्ये दोन तासांत जुळणार आणि रात्री पुन्हा सुटणार. भव्य लेआउटमध्ये एक गाडी रुळावरून घसरली तर बाकीच्या वीस धावत राहतात. तुझ्या तिनांतली एक बिघडली तर तिसरा हिस्सा नाटक बंद. त्यांचा आकार उचलताना त्यांची माणसं आणि त्यांचं छप्पर तुला उचलता येणार नाही.

लहान लेआउटचा चालवणाऱ्यालाच कंटाळा येतो, हा तिसरा आक्षेप मला फारसा गंभीर वाटत नाही. इंग्लंडच्या ॲलन राइट यांच्या ‘इंगलनुक सायडिंग्ज’ या रचनेत अवघे दोन सांधे, तीन रूळ आणि आठ वाघिणी असतात. आठांतल्या पाच वाघिणी ठरलेल्या क्रमाने जोडून द्यायच्या, एवढाच खेळ. पण आठांतून पाच क्रमाने निवडायचे प्रकार होतात 6720. रोज एक सोडवलास तरी अठरा वर्षं पुरतील.

गेजबद्दल तू दोन पानं लिहिली आहेस, मी थोडक्यात आटोपतो. बाजारातला एचओ रूळ साडेसोळा मिलिमीटरचा, आणि तो परदेशी 1435 मिलिमीटर गेजसाठी आहे. आपलं ब्रॉडगेज 1676, म्हणजे 1:87 ने सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. सगळा रूळ हाताने घालायची तयारी असेल तर घाल. नसेल तर साडेसोळावर खुशाल बांध. इंग्रजांचं ओओ स्केल याच साडेसोळा रुळावर 1:76 चे डबे चालवतं. त्यांचा रूळ हवा त्यापेक्षा बारा टक्के अरुंद, तुझा होईल चौदा टक्के. त्या चुकीसकट त्यांनी कित्येक दशकं सुंदर लेआउट केले आहेत. बघणाऱ्याचा डोळा रुळाची रुंदी मोजत नाही. मातीचा रंग चुकला तर मात्र त्याला लगेच खटकतं.

म्हणून रुळावर वाचवलेला सगळा वेळ माती-दगडाच्या रंगात घाल. ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनम गावी पेंडन नावाचं संग्रहालय आहे. रॉय इंग्लंड हे मूळचे ऑस्ट्रेलियन गृहस्थ. इंग्लंडातली गवती छपरांची खेडी डोळ्यांदेखत बदलताना पाहून त्यांनी ती 1:76 मध्ये जपायला घेतली आणि 1954 मध्ये संग्रहालय उभं राहिलं. तिथे एकेका घरावर महिनोन् महिने काम झालं आहे. दगडाचा कोणता रंग कोणत्या गावचा, परसात काय पिकतं, हे बघून केलेलं काम आहे ते. तुझ्या आराखड्यात डोंगरासाठी ‘करडा रंग, हिरवी पावडर’ एवढंच लिहिलं आहे. घाटातला दगड करडा नाही. कोरडा असताना तो काळपट तपकिरी, भिजल्यावर जवळजवळ काळा, आणि त्यात आडवे थर, एकावर एक पायऱ्या रचल्यासारखे. बाजारात मिळणारे परदेशी डोंगर आल्प्सचे असतात, टोकदार, उभे चिरलेले. ते आपल्याकडे आणलेस तर खाली कितीही बरोबर रूळ घाल, घाट स्वित्झर्लंडातच राहील. ऋतू एकच ठरव. माझं मत सप्टेंबरला, पाऊस सरता सरता: गवत गुडघ्याएवढं, दगडावर पाण्याचे ओघळ, स्लीपरच्या कडेला तेरडा. रूळ घालण्याला जितके दिवस लागतील त्याच्या तिप्पट दिवस या कड्यासाठी राखून ठेव.

बांधणीबद्दल दोनच गोष्टी. मंचाचे पाट एक मीटर वीसचे तीन कर, चांगल्या प्लायचे, आणि खालून-वरून, कडांनाही रंग दे. आपल्या पावसाळ्यात न रंगवलेलं लाकूड फुगतं आणि दोन पाटांच्या जोडावर रूळ केसभर जरी सरकला तरी गाडी तिथेच बसते. विंगेत यार्डाऐवजी सुट्या फळ्या ठेव, ऐंशी सेंटीमीटरच्या, वर एकेक रूळ ठोकलेल्या. वर गेलेली गाडी फळीसकट उचलायची, फिरवायची आणि खालच्या मजल्यावर लावायची. डब्यांना हात लागत नाही, सांधेही वाचतात.

स्टेशनात माझ्या हिशेबाने पाचच सांधे लागतात: दोन रूळ मिळतात तिथे एक, इंजिन फिरवायला दोन, इंजिन उभं करायला एक आणि ब्रेकव्हॅनसाठी एक. तुझ्या जुन्या आराखड्यात चौतीस होते. नवा आराखडा पाठवशील तेव्हा पाचाच्या वर जितके सांधे असतील, त्या प्रत्येकासमोर तो काय काम करतो ते एका ओळीत लिहून पाठव.

तुझा स्नेही