टिपणे

मराठीतील काही क्रियापदे मोठी लबाड असतात. चिमणी अंगणातले दाणे टिपते, शिकारी झाडावरचे पाखरू टिपतो, आई मुलाचे डोळे टिपते, आणि आमच्यासारखे हौशी लोक गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडताना दृश्ये टिपतात. कृत्ये चार, शब्द एकच. तेव्हा आपण यांपैकी कोणाच्या पंक्तीला बसतो, हा प्रश्न कधी ना कधी पडावयाचाच. आम्हाला तो भरतपूरला पडला.

दोन हिवाळ्यांपूर्वी नाताळच्या सुटीत आम्ही सहकुटुंब तेथील केवलादेव उद्यानात गेलो होतो. उद्यान सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे. आमचे सायकलरिक्षावाले एक वृद्ध सरदारजी होते. पक्ष्यांची इंग्रजी नावे त्यांना मुखोद्गत. आम्ही मात्र हाती पुस्तक असूनही दर वेळी चुकत होतो. ढोलीत डोळे मिटून बसलेला पिंगळा त्यांनी नुसत्या हनुवटीने दाखविला. पाण्यातील बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत होती. वाढीला लागलेली पिल्ले खाण्यासाठी ओरडत होती, आणि आमचे यंत्र अखंड कटकटत होते.

देवळाजवळ एक शिलालेख आहे. संस्थानी अमदानीत येथे बदकांच्या शिकारी होत. त्यांचे हिशेब तारखांनिशी दगडावर कोरून ठेवले आहेत. १९३८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. तो आकडा वाचून आमच्यातील प्राध्यापक जागा झाला, आणि मानवी क्रौर्यावर आम्ही सौभाग्यवतीला तेथेच दहा मिनिटे व्याख्यान दिले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आपले आज किती झाले?"

पाहिले. १,११६. आमच्या हातून एकही पक्षी मेला नव्हता, हे खरे. परंतु आकडा पाहून झालेला आनंद त्या शिलालेखाच्या ओळखीचा निघाला.

परतताना दरवाजाबाहेर गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई दिसली. मावळते ऊन, धूळ, पिवळी ओढणी. आम्ही यंत्र रोखले. तिने ओढणी तोंडावर ओढली. त्याने दृश्य अधिकच खुलले, म्हणून आम्ही कळ दाबली. सरदारजी मागे न वळता म्हणाले, "पक्षी बुजला तर उडून जातो, साहेब. डोक्यावर भारा असलेली बाई कोठे जाणार?"

त्या गवतालाही इतिहास आहे, हे आम्हाला मागाहून कळले. १९८२ साली उद्यानात म्हशी चारण्यास बंदी झाली, आणि त्या तंट्यात पोलिसांच्या गोळीबाराने गावकऱ्यांचे प्राण घेतले. पुढे शास्त्रज्ञांना आढळले की, म्हशी नाहीशा झाल्याने गवत माजून पाणी कोंडले आणि पक्ष्यांचीच अडचण झाली. पक्ष्यांचा कैवार घेणाऱ्या विद्वानांना माणसे नीट दिसली नव्हती. आणि आम्ही तरी त्या बाईकडे भिंगातूनच पाहिले होते.

निरोप घेताना सरदारजींनी संकोचत एक मागणी केली: रिक्षासह आपले एक छायाचित्र. पगडी सावरून, घंटीवर हात ठेवून ते उभे राहिले. पत्ता आम्ही डायरीत उतरवून घेतला आणि आठवड्यात चित्र पाठविण्याचे वचन दिले. घरी आल्यावर पिंगळा चौकटीत बसून दिवाणखान्यात लागला. गवताचा भारा कॉलेजच्या वार्षिकात छापून आला आणि वाखाणलाही गेला. त्याखाली आमचे नाव होते, तिचे आम्ही विचारलेच नव्हते. सरदारजी मात्र संगणकातच राहिले.

परवा जुनी डायरी चाळताना तो पत्ता सापडला. त्या दिवसाच्या साऱ्या चित्रांत कोणी आपण होऊन मागितलेले असे हे एकच, आणि मालकाला पोहोचले नव्हते तेही हेच. दुसऱ्याच दिवशी दोन प्रती काढून टपालाने रवाना केल्या. उत्तर अद्याप नाही. सरदारजी वृद्ध होते. पाकीट कोणाच्या हाती पडले असेल, सांगवत नाही. पोस्टमन दारावरून जाताना दिसला की आम्ही हल्ली उगीच खिडकीशी जाऊन उभे राहतो.