हाताची घडी

शाळेत बाई म्हणायच्या, हाताची घडी, तोंडावर बोट. इंजेक्शनच्या फिलिंगला लागले तेव्हा सुपरवायझर सरांनीही तेच शिकवलं: बोलणं कमी, वळणं सावकाश, आणि उघड्या वायलवरून हात न्यायचा नाही. छतातून गाळलेली हवा सेकंदाला साधारण ०.४५ मीटर वेगानं खाली उतरते. हात मध्ये आला की त्याच्यावरचं सगळं थेट औषधात. आडवी झालेली वायल चिमट्यानं, बाजूनं, हवा न ढवळता उचलायला शिकण्यात माझे सहा महिने गेले. बाहेर पडताना दहाही बोटं आगरच्या प्लेटांवर टेकवायची, आणि त्यांवर काही उगवू नये म्हणून चार-पाच दिवस देव पाण्यात.

आताच्या यंत्राला आत हात घालायची सोयच नाही. जुन्या आयसोलेटरला, म्हणजे भरणीच्या बंद काचपेटीला, निदान काचेतून आत गेलेले रबरी हातमोजे असायचे. पण त्यांनाच डोळ्यांना न दिसणारी भोकं पडायची. इथं दार बंद झालं, हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ फिरली, की आत फक्त रोबोटचा हात. तो शंभर वायलची जाळी उचलतो आणि एकेक वायल सुईखाली आणतो. फार हुशार आहे असं नाही. त्याला कातडी नाही, केस नाहीत, शिंक येत नाही. एवढ्यावरच तो माझ्या पुढे.

हे मान्य करताना मला मुल्कोवाल आठवतं. १९०२ साली पंजाबातल्या त्या गावात प्लेगची लस टोचून घेतलेले १९ जण धनुर्वातानं गेले, सगळे एकाच बाटलीतले. बाटली भरली होती आपल्या परळला, ती लस बनवणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत. ठपका त्यांच्यावर आला. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. खरं तर गावात बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि कार्बॉलिकमध्ये नुसता बुचकळून तोच वापरला गेला होता. माझ्या हातात असायचा तसाच एक चिमटा.

मग माझ्याकडे काय उरलं? थेंब. अँटिबॉडीचं घट्ट द्रावण एकतारी पाकासारखं वागतं. पंप थांबला तरी सुईच्या टोकाला थेंब लोंबतो, आणि पुढच्या वायलच्या काठावर ओघळतो. काठ ओला झाला की रबरी बूच नीट बसत नाही. पंप जोरात सोडला तर फेस. म्हणून वेग किती, थांबताना उलटा झोका किती, हे मी आदल्या दिवशी औषधाविना, तितक्याच घट्ट द्रावणावर बसवते. चाचणीतल्या रुग्णांसाठी ३८० वायलची बॅच. तालमीवर उधळायला औषध नसतंच.

परवा एका वायलवर बूच तिरकं बसलं. बोटानं जरासं ढकललं असतं तर सरळ झालं असतं. रोबोट पुढच्या वायलकडे वळला. तिरक्या बुचाची ती रिजेक्टमध्ये जाणार हे ठरलेलंच. मला काही कळायच्या आत माझा उजवा हात उचलला गेला आणि काचेवर आपटला. बॅच चालूच राहिली. काचेवर हातमोज्याच्या पाच बोटांचा ठसा उठला होता. शेजारच्या ज्युनियरनं काही न बोलता तो अल्कोहोलच्या फडक्यानं पुसला.