माझे महाप्रसाद

छत्तीसगडात एकदा रीतसर मैत्र जोडले, की पुढे आयुष्यभर त्या मित्राचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, असा संकेत आहे. ज्या वस्तूला साक्षी ठेवून ते मैत्र जुळले असेल, तिच्याच नावाने दोघांनी एकमेकांना हाक मारावयाची. जगन्नाथपुरीच्या प्रसादाचे कण एकमेकांच्या मुखी घातले असतील, तर ते दोघे परस्परांचे ‘महाप्रसाद’. गंगेचे पाणी दिले-घेतले असेल, तर ‘गंगाजल’. श्रावणात टोपलीत रुजविलेल्या गव्हाचे कोवळे अंकुर एकमेकांच्या कानावर खोवले असतील, तर ‘भोजली’. या सर्व नात्यांना मिळून ‘मितान’ असा एक गोड शब्द तिकडे आहे. आपल्याकडे वारीच्या वाटेवर माणसे एकमेकांना नावगाव न विचारता ‘माउली’ म्हणतात; त्याच जातीची, पण जन्मभर पुरणारी अशी ही हाक. म्हणून या लेखात माझ्या मित्राचे नाव येणार नाही. पस्तीस वर्षे ते मला आणि मी त्यांना ‘महाप्रसाद’ म्हणत आलो. 2011 मध्ये ते गेले. तरी ती रीत मोडावी असे मला वाटत नाही.

आमची ओळख झाली ती रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात. ‘पारा’ म्हणजे वस्ती, आळी. कंकाली तलावाच्या आसपासचा हा रायपूरचा जुना भाग. जवळच्या कंकाली मठाचे दार वर्षातून एकदाच, विजयादशमीला उघडते आणि त्या दिवशी सारा पारा तिकडे लोटतो. मराठी माणसाला ही वस्ती अगदीच परकी वाटू नये, असा इतिहासही तिच्या पाठीशी आहे. 1758 मध्ये नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी रतनपूरला येऊन राहिले. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत या प्रदेशावर भोसल्यांचा अंमल होता. पुढे 1956 पर्यंत राजधानीही नागपूरच होती. त्या ओघात आलेली कितीतरी घरे येथे कायमची रुजली. शेजारच्या तात्यापाऱ्याचे नावच त्याची साक्ष देते. ‘गीतारहस्या’ला हिंदी रूप देणारे माधवराव सप्रे मराठी घरातले, पण त्यांनी लेखणी हिंदीला वाहिली आणि 1926 मध्ये रायपुरातच देह ठेवला.

हे सगळे मला पुढे कळले. 1974 मध्ये बँकेतल्या नोकरीच्या निमित्ताने वर्ध्याहून आलो, तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. एका जुन्या वाड्यात मागील बाजूची खोली भाड्याने मिळाली. पुढच्या बाजूला एक मुनीम राहत असत. धानाच्या आडतीत ते हिशेब लिहीत. वय शेहेचाळीस, अंगात बंडी, गुडघ्याखाली जेमतेम पोचणारे धोतर, कानावर टाक. मूळचे आरंगकडच्या एका खेड्यातले. जात माझ्याहून वेगळी, भाषा छत्तीसगढी, शिक्षण गावच्या शाळेपुरते.

ते असामान्य होते, असे मी मुळीच म्हणणार नाही. बोलायला बसले की त्यांना वेळेचे भान राहत नसे. एकच गोष्ट ते दहा वेळा सांगत, आणि अकराव्या वेळी आपण ती आधी ऐकली आहे असे सांगितले तर आनंदाने म्हणत, ‘‘मग तर तुम्हाला अधिकच रंग येईल!’’ पाऱ्यातील मानस-मंडळीत ते झांज वाजवीत, पण ती कधी तालात पडल्याचे मला आठवत नाही. मंडळींनी त्यांना हळूहळू मागच्या रांगेत सरकविले. तेथेही ते तितक्याच उत्साहाने वाजवीत राहिले. पैशाच्या बाबतीत अत्यंत काटेकोर. एका आण्याचा फरक लागला तर रात्री जेवण बाजूला ठेवून वही धुंडाळीत.

पण याच काटेकोरपणाच्या पोटात त्यांचा चांगुलपणा होता. सुगी आटोपली की खेड्यापाड्यांतून धानाच्या गाड्या आडतीत येत. माल तोलला जाई, भाव ठरे, आणि आडत, हमाली, तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडे. बहुतेकांना ती वाचता येत नसे. तिच्यावर अंगठा उठवून, मिळेल ती रक्कम कनवटीला लावून ते निघत. आमचे मुनीम मात्र प्रत्येक पट्टी मोठ्याने वाचून दाखवीत. वजन इतके, भाव इतका, हमाली इतकी, तोलाई इतकी, म्हणून हाती इतके. मान हलली नाही, तर पुन्हा पहिल्यापासून. मागे रांग खोळंबे, मालक कुरकुरत. एकदा मी त्यांना विचारले, ‘‘एवढे कशाला? तुमचा हिशेब तर चोख असतो.’’ ते म्हणाले, ‘‘माझा चोख असून काय उपयोग? वर्षभर राबला तो. आकडा त्याला कळला पाहिजे.’’

संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर निराळीच गर्दी असे. कापणी झाल्यावर छत्तीसगडातली कितीतरी कुटुंबे ‘कमाने-खाने’ म्हणून परमुलखात जातात. कोणी नागपूरकडे, कोणी उत्तरेतल्या वीटभट्ट्यांवर. मागे राहिलेली म्हातारी माणसे पत्रे लिहवून घ्यायला मुनिमांकडे येत. ते पत्र लिहीत, आलेले वाचून दाखवीत. लिहिण्याचा मोबदला घेत नसत, पण पोस्टकार्डाचे पैसे मात्र न चुकता मोजून घेत. मला हे विचित्र वाटे. एवढी मेहनत फुकट, आणि कार्डाच्या चार पैशांसाठी एवढी निकड! त्यावर त्यांचे उत्तर मी विसरलेलो नाही. ‘‘कार्डही फुकट दिले, तर म्हातारी दुसऱ्यांदा यायला लाजेल. पैसे दिले की ती हक्काने येते.’’

दया करणारी माणसे जगात पुष्कळ भेटतात. घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही, एवढी काळजी घेऊन देणारी माणसे थोडी. माझ्या मित्राचे मोठेपण, असलेच तर, तेवढ्यात होते. आणि त्याचा अनुभव मलाही आला.

1975 च्या पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. नवखे गाव, जवळचे कोणी नाही. एकवीस दिवस या गृहस्थांनी आडत सांभाळून माझी शुश्रूषा केली. सकाळी डॉक्टर, दुपारी त्यांच्या पत्नीने पाठविलेली पेज, रात्री उशाशी कंदील लावून त्यांचे बसणे. माझ्या आईला त्यांनी पत्र लिहिले, तेही ताप उतरणीला लागल्यावर. आधी लिहून तिचा जीव टांगणीला लावू नये म्हणून. त्यांना मराठी येत नव्हते, आईला हिंदी. पण लिपी एकच असल्यामुळे आईने ते अक्षर अक्षर लावून वाचले आणि तिला सर्व समजले. पुढे ती असेपर्यंत दर दिवाळीला त्यांचे एक कार्ड वर्ध्याला जात असे.

बरा झाल्यावर त्यांच्यासाठी मी एक उंची धोतरजोडी आणि मुलाला कापड घेऊन गेलो. त्यांनी ते उघडूनही पाहिले नाही. रागावले नाहीत, पण त्या दिवशी गप्पा मात्र रंगल्या नाहीत. पुढच्या आषाढात रथयात्रेच्या सुमारास पाऱ्यातले कोणीसे पुरीहून परतले. त्यांच्याकडचा प्रसाद घेऊन मुनीम माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, ‘‘तुमच्या मनावर ओझे आहे, ते मला दिसते. ते वस्तूने उतरणार नाही. आपण महाप्रसाद होऊ. भावाभावांत कुठे उपकार असतात?’’ वयात बावीस वर्षांचे अंतर. मितान बहुधा समवयस्क असतात, म्हणून शेजारी हसले. तरी दोन पाट मांडले गेले, कपाळी टिळे लागले, नारळांची अदलाबदल झाली, आणि भाताचे ते वाळलेले कण आम्ही एकमेकांच्या मुखी घातले. त्या क्षणापासून ‘सीताराम महाप्रसाद’ हाच आमचा नमस्कार झाला. त्यांची वृद्ध आई माझी ‘फूलदाई’ झाली. मी तिच्या खेड्याला गेलो, की आधी पितळेच्या लोट्यातून पाय धुवायला पाणी मिळे, मग ताकातली बासी आणि कांदा. माझी आई रायपूरला आली, तेव्हा या दोघी म्हाताऱ्या एकमेकींची भाषा न समजताही दुपारभर बोलत बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

या नात्यात जात आड येत नाही. सुखदुःखाला धावून जाणे, लग्नकार्यात उभे राहणे, मुलांना आपली मानणे ही कर्तव्ये मात्र चुकत नाहीत. आपण मैत्रीला भावना समजतो. ती उत्कट असली की पुरे, असे आपल्याला वाटते. तेथल्या लोकांनी मैत्रीला घराच्या कुळाचारात बसविले. त्यामुळे मन रुसलेले असले, तरी कर्तव्य चालूच राहते. आणि कर्तव्य चालू राहिले, की मनही मागाहून येते. पस्तीस वर्षांत आमचे खटके पुष्कळ उडाले, पण त्यांच्या घरचे एकही कार्य माझ्यावाचून झाले नाही.

दिवस पालटले. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड वेगळे राज्य झाले आणि रायपूर राजधानी. रस्ते रुंदावले, जुने वाडे पडले, ओसऱ्या गेल्या. पत्रांची जागा टेलिफोनने घेतली आणि मुनिमांच्या दारची गर्दी ओसरली. त्यांना त्याचे दुःख नव्हते. ‘‘आता म्हातारी स्वतःच पोराचा आवाज ऐकते, माझ्या वाचण्यात तो कुठे होता?’’ असे ते म्हणाले.

2011 च्या भाद्रपदात ते अचानक कोसळले. मुलगा भिलाईच्या कारखान्यात पाळीवर होता. त्यांना रुग्णालयात मीच नेले. तेथल्या अर्जात एक रकाना होता : ‘रुग्णाशी नाते’. मी ‘मित्र’ असे लिहिले. खिडकीतल्या तरुणाने अर्ज परत केला. सहीला नातेवाईकच लागेल, म्हणाला. नियम त्याने केलेला नव्हता, त्याला दोष काय द्यावा! इतक्यात चाकांच्या खाटेवरून क्षीण आवाजात हाक आली, ‘‘महाप्रसाद...’’ जवळच फरशी पुसणारी एक प्रौढ बाई थबकली. तिने आमच्याकडे पाहिले आणि त्या तरुणाला म्हणाली, ‘‘अरे, मितान आहेत ते. भाऊच तो.’’ तरुण क्षणभर थांबला. मग त्याने स्वतःच्या हाताने ‘मित्र’ हा शब्द खोडून तेथे ‘भाई’ असे लिहिले.

तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. त्यांच्याच गावी अग्नी दिला. अस्थी राजिमला, महानदीच्या संगमावर सोडल्या. दहाव्या दिवशी गावच्या तलावावर सर्व सोयरे स्नानाला जमले. मी एका कडेला उभा होतो. मुलगा पाण्यातून माझ्याकडे आला, माझ्या ओंजळीत तीळ ठेवले आणि म्हणाला, ‘‘कका, तुमचे पाणी आधी.’’ इतके दिवस आवरून धरलेले अश्रू तेव्हा मात्र आवरले नाहीत.

अशा माणसाच्या मागे काय उरते? त्यांच्या नावाची पाटी कोठे नाही. त्यांनी लिहिलेली हजारो पत्रे ज्यांची त्यांना पोचली आणि कालांतराने फाटूनही गेली. पण ज्या रीतीत ते वाढले, ती रीत त्यांच्याहून मोठी आहे. 2002 मध्ये छत्तीसगडात गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याची योजना सुरू झाली, तेव्हा त्या सेविकांना ‘मितानिन’, म्हणजे मैत्रीण, हेच नाव दिले गेले. पुढे 2005 पासून देशभर उभ्या राहिलेल्या ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या योजनेला या प्रयोगाचा आधार मिळाला. दुखणेकऱ्याच्या दारी जाणारी बाई उपकारकर्ती नसावी, मैत्रीण असावी, हा त्या नावामागचा विचार. माझ्या मित्राला योजना वगैरे काही ठाऊक नव्हते. परंतु कंदील घेऊन माझ्या उशाशी बसले, तेव्हा ते याच विचाराने बसले होते.

पौष पौर्णिमेला तिकडे ‘छेरछेरा’ असतो. त्या दिवशी लहान मुले पिशव्या घेऊन घरोघर नव्या धानाचे दान मागतात. श्रीमंताची मुलेही मागतात आणि गरीबही ओंजळभर घालतो. त्या दिवशी मागण्यात कमीपणा नाही. महाप्रसादांचा हा फार आवडता सण. आता त्यांचा पणतू त्या दिवशी आवर्जून आमच्या घरी येतो. यंदा माझ्या नातीने त्याच्या पिशवीत ओंजळभर धान घातले, आणि लगेच आतून आपली पिशवी आणून त्याच्यापुढे धरली. त्याने तेच धान पुन्हा तिच्या पिशवीत ओतले. मग दोघेही हसत शेजारच्या दारी मागायला गेली.