शिडीवरचा हात

आर्णीला परतून चार दिवस झाले. पोटऱ्या अजून भरून आल्यात. आज बूट धुवायला घेतले, तर तळव्याच्या खाचांत बारी गावची तांबूस माती निघाली. तिच्याखाली आपली काळी, कपाशीच्या वावरातली. दोन्ही एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या. बूट तसेच ठेवले.

आम्ही अरुणावतीकाठची माणसं. उंच म्हणजे माहूरगड, एवढंच डोक्यात. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, हे शाळेत पाठ केलेलं. पाठ केलेलं पायांना ठाऊक नसतं.

मध्यरात्रीनंतर बारीतून कळसूबाई चढायला निघालो. पुढे गावातलाच वाटाड्या पोरगा, मागे विजेऱ्यांची रांग. दुसऱ्या लोखंडी शिडीवर मी थांबले. खाली पाहिलं आणि हात सुटेचना. दांडा गार, दवानं ओला, हजारो हातांनी गुळगुळीत झालेला. पोरगा दोन पायऱ्या उतरून आला. "ताई, घाई नाही," एवढंच म्हणाला आणि उभा राहिला. त्याच्या मागे अख्खी रांग उभी राहिली. कुणी चकार शब्द काढला नाही.

कळसू नावाची मुलगी घरकामाला कंटाळून या डोंगरावर निघून आली, अशी तिथली कथा. ती चढताना कोण थांबलं असेल तिच्यासाठी?

वर छोटंसं देऊळ, भन्नाट वारा. उजाडल्यावर भंडारदऱ्याचं पाणी चमकलं, अलंग-मदन-कुलंग हे गड धुक्यातून वर आले. सगळे फोटो काढत होते. मी तळहात पाहत होते. त्यावर गंजाची तांबडी रेघ उमटली होती.

आईला अजून शिडीचं सांगितलेलं नाही.