अजिंठा-वेरूळची सहल : गाडीचा खरा हिशेब

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या वस्त्यांतून अजिंठा-वेरूळच्या सहलीचे बेत सुरू होतात. बेत चांगलाच आहे. मुले ज्या लेण्यांची चित्रे पुस्तकात पाहतात, ती त्यांनी डोळ्यांनी पाहिलीच पाहिजेत. परंतु आपल्याकडे ही सहल महिना महिना बाजूला टाकलेल्या पैशांतून निघते आणि गाडीच्या बिलापाशी तोंडे कडू होतात. मुंबईच्या एका सहलीत गाडीमालकाने आपल्या गॅरेजपासून किलोमीटर मोजले. गॅरेज ४० किलोमीटर दूर. जाऊन-येऊन ८०, म्हणजे १,२०० रुपये जास्त. तेवढ्यावरून दोन घरांत अबोला आला व तो मिटवायला आम्हाला मध्ये बसावे लागले. म्हणून आधीच कागद-पेन्सिल घेऊन बसू या.

माणसे सहा धरू : नवरा-बायको, नणंद, पंचाहत्तरी ओलांडलेली आजी आणि बारा वर्षांखालील दोन मुले. दर हंगामाप्रमाणे बदलतात. खालील दर केवळ हिशेबासाठी धरले आहेत.

पहिला मार्ग, मुंबईपासूनच गाडी. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जाऊन-येऊन सुमारे ६८० किलोमीटर, तेथून अजिंठा जाऊन-येऊन २१०, वेरूळ ६०, किरकोळ फिरणे ५०. एकूण १,०००. दर १५ रुपये धरला तर १५,०००. ड्रायव्हरचा भत्ता तीन दिवसांचा १,२००, टोल व पार्किंग १,५००. बेरीज १७,७०० रुपये.

दुसरा मार्ग, रात्रीची रेल्वे व तेथे गाडी. सहा जणांचे जाण्या-येण्याचे स्लीपर तिकीट ३,००० धरू. अजिंठ्याला गाडी २१० किलोमीटरच धावते, पण बाहेरगावी दिवसाला किमान ३०० किलोमीटरचे पैसे घेतात. म्हणजे ४,५०० व भत्ता ४००. वेरूळला मात्र किलोमीटरच्या दराने जाऊ नये. ८ तास, ८० किलोमीटरची ठोक गाडी सांगावी. ती २,५०० धरू. पार्किंग व स्टेशनची रिक्षा ६००. बेरीज ११,०००. पहिल्यापेक्षा ६,७०० रुपये कमी, शिवाय प्रवासाच्या रात्री लॉजचे भाडे नाही.

येथे एक गोम आहे. एखादा म्हणेल, "साहेब, आपला दर फक्त १२ रुपये." दोन्ही दिवस किमान ३०० किलोमीटर धरले की त्याचे ७,२०० होतात व भत्त्यासह ८,०००. वरच्या १५ रुपयेवाल्याचे भत्त्यासह ७,४००च होतात. गाडी धावते २७० किलोमीटर, म्हणजे १२ रुपयांचा दर भत्ता सोडूनही जवळजवळ २७ रुपयांना पडतो!

तिसरा मार्ग आपल्या एसटीचा. महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे, मुलांना अर्धे. म्हणजे आपल्या सहा माणसांना तिकिटे पडतात तिघांचीच. आजीचे आधार कार्ड मात्र बरोबर हवे. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच विचारून ठेवावी.

स्वतः चालवायची गाडीही मिळते. तिच्यात पेट्रोल आपले, अनामत आपली आणि ओरखड्याची भरपाईही आपली. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेऊ नये. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. टॅक्सीची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात.

कोणतीही गाडी केली तरी अजिंठ्याला ती फर्दापूरच्या फाट्यावरच थांबते. पुढच्या चार किलोमीटरना वेगळी बस व वेगळे तिकीट. पायऱ्या पुष्कळ आहेत, आजीसाठी डोली लागली तर तिचेही पैसे धरावेत. सोमवारी अजिंठा व मंगळवारी वेरूळ बंद असते. वार चुकला तर गाडीचे भाडे पाण्यात गेले समजा. सकाळी लवकर निघा. २६ व्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती घाईत पाहण्यासारखी नाही. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध लेणी आहेत. तेथून परतताना त्याच ८० किलोमीटरांत औरंगाबाद लेणी आणि बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेले नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालय मुलांना दाखवता येते.

गाडी ठरवताना पाच गोष्टी चिठ्ठीवर लिहून घ्याव्यात : किलोमीटर कोठून मोजणार, दिवसाचे किमान किती, भत्ता किती, रात्रीचे वेगळे किती, टोल-पार्किंग कोणाकडे. खाली मालकाची सही घ्यावी. निघताना व उतरताना मीटरचा आकडा घरातील शिकणाऱ्या मुलीकडून वहीत लिहून घ्यावा. सहलीचा हिशेब तिच्याच हाती द्या. वाचलेल्या पैशांत शेजारची एखादी म्हातारीही लेणी पाहून येईल.