सातऱ्यावरची ताडपत्री

सातरा म्हणजे काय, हे भिवापूरकरांना सांगावे लागत नाही. बाहेरच्यांना सांगावे लागते. शेतकऱ्याकडून आलेली लाल मिरची मोकळ्या जागेत ताडपत्रीवर ओततात, बाया भोवती बसतात आणि दिवसभर देठ खुडतात. संध्याकाळी प्रत्येकीचा माल काट्यावर चढतो. जितके किलो तितकी मजुरी. माझी अम्मी कितीतरी हंगाम अशीच बसली. रात्री भाकरी थापताना तिच्या बोटांची आग व्हायची. मग ती हात तेलात बुडवायची. माझी कॉम्प्युटरची फी त्या बोटांतून गेली आहे.

नागपुरात नोकरी लागल्यावर, २०१३ च्या हंगामात, अम्मी ज्या सातऱ्यावर जायची तिथल्या मालकांना मी मजुरीच्या हिशेबाचा प्रोग्रॅम करून दिला. शब्द अम्मीनेच टाकला होता. "पोरगा शिकलेला आहे, वह्यांची कटकट जाईल." जुनी वही पावसात भिजलेली, कुणाचे वजन कुणाच्या नावावर चढलेले, त्यावरून रोज एखादे भांडण ठरलेले. मी उबंटू टाकले, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस. एक यंत्र काट्यापाशी, एक ऑफिसात, एक गोदामात.

पोस्टग्रेसमध्ये जोडल्या जाणाऱ्या प्रत्येकासाठी एक वेगळी प्रोसेस उभी राहते. काट्यावरच्या पोराची वेगळी, ऑफिसातल्या मुनिमाची वेगळी. सगळ्यांना लागणारा माल मात्र एकच. प्रत्येकीला घरपोच वेगळी टोपली नेऊन देण्यापेक्षा मध्ये एक ढीग ओतावा आणि सगळ्यांनी त्यातूनच उचलावे, तशी ही सामायिक मेमरी, शेअर्ड मेमरी. ती देते कर्नल, म्हणजे यंत्राचा खरा मालक. आणि एका ढिगाला जास्तीत जास्त किती मोठी ताडपत्री द्यायची, याचा आकडा कर्नलने आधीच ठरवून ठेवलेला असतो. त्याचे नाव शममॅक्स. त्या काळी लिनक्समध्ये तो होता ३,३५,५४,४३२ बाइट, म्हणजे ३२ एमबी. यंत्रात दोन जीबी मेमरी असो की सोळा, ताडपत्री तेवढीच. यंत्रे लहान होती तेव्हाचा तो आकडा. यंत्रे वाढली, आकडा तिथेच राहिला. कारण कुणीतरी बदलेलच, असे प्रत्येकाने धरले.

पोस्टग्रेस मुकाट्याने २४ एमबीवर चालत होते. मी कुठेतरी वाचले की यंत्राच्या मेमरीचा चौथा हिस्सा डेटाबेसला द्यावा. दोन जीबीचा चौथा हिस्सा ५१२ एमबी. एका रात्री मी तो लिहिला आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. तो उठेना. "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट" असा शेरा आणि खाली सूचना, की कर्नलचा शममॅक्स वाढवा. मी बरोबर ५३,६८,७०,९१२ टाकले. तरी उठेना! ढिगाशिवाय डेटाबेसला स्वतःच्या नोंदींसाठीही थोडी जागा लागते, हे डोक्यात यायला पाऊण तास गेला. मग सरळ एक जीबी, १,०७,३७,४१,८२४. उठला. (शमॉल नावाचा दुसरा आकडा असतो, सगळ्या ढिगांचा मिळून, तो बाइटमध्ये नसून ४,०९६ बाइटच्या पानांत मोजतात आणि भलेभले तिथे फसतात. माझ्या नशिबाने तो आधीच पुरेसा होता.)

खरे सांगायचे तर शे-दीडशे बायांच्या हिशेबाला ५१२ एमबीची गरजच नव्हती. मला हौस होती.

चूक पुढे आहे. मी आकडा चालू कर्नलमध्ये बदलला, पण यंत्र सुरू होताना वाचले जाणाऱ्या सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये लिहिला नाही. चालू कर्नलमधला बदल यंत्र बंद होईपर्यंतच टिकतो.

दहा-बारा दिवसांनी लाईन गेली ती दुपारपर्यंत आलीच नाही. यूपीएसने जीव सोडला. लाईन आल्यावर यंत्र सुरू झाले, कर्नलने आपली जुनी ३२ एमबीची ताडपत्री अंथरली, डेटाबेसने ५१२ मागितले आणि नकार मिळाला. तो दिवस आठवड्याच्या चुकाऱ्याचा होता. दुसऱ्या दिवशी बाजार.

मला नागपुरात फोन आला. काट्यावरच्या पोराला मी फोनवर कमांड सांगू लागलो. "स्लॅश म्हणजे तिरपी रेघ. नाही, दुसऱ्या बाजूला तिरपी." त्यात अर्धा तास गेला. शेवटी एसटी पकडली. उमरेडला गाडी थांबली तेव्हाच अंधार पडला होता.

मी पोचलो तेव्हा सातरा रिकामा होता. बाया दोन तास बसून, बडबडून, हात हलवत गेल्या होत्या. मालकांनी सांगितले होते, "मशीन बंद आहे, हिशेब दिसत नाही." त्यांचेही खोटे नव्हते. मी दोन ओळी टाइप केल्या, एक ओळ फाइलमध्ये लिहिली, यंत्र मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू केले. पाच मिनिटांचे काम.

घरी अम्मी ओट्यावर बसली होती. शेजारच्या खाला तिला वाटेत म्हणाल्या होत्या, "तुझ्या पोराच्या डब्यानं आमचा बाजार बुडवला." त्यांच्या नातवाच्या औषधाचे पैसे त्या मजुरीत होते. अम्मीने भिशीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून त्यांना दिले होते. मला ती रागावली नाही. "झालं काय होतं, सांग," म्हणाली. मी ढीग, ताडपत्री, मालक असे सगळे सांगितले.

"ताडपत्री लहान, हे तुले माहीत होतं ना?"

"होतं."

"मोठी आंथरली तवा मालकाच्या वहीत लिहून ठेवलं नाही?"

"नाही."

"मग काऊन मशीनला दोष देऊन राहिला?"

सहाच महिन्यांनी, सप्टेंबर २०१३ मध्ये, पोस्टग्रेसची ९.३ आवृत्ती आली. तिने मेमरी मागण्याची रीतच बदलली. आता त्या जुन्या पद्धतीने ती नावापुरताच तुकडा मागते. ऑगस्ट २०१४ मध्ये लिनक्स ३.१६ आले आणि कर्नलनेही ३२ एमबीची मर्यादा सोडून ती जवळजवळ अमर्याद केली. जवळजवळ अशासाठी की सगळ्यात मोठ्या संख्येपेक्षा त्यांनी ती १,६७,७७,२१६ ने कमी ठेवली. कारण काही लोकांचे प्रोग्रॅम असलेल्या मर्यादेत आणखी थोडे मिळवतात. संख्या आधीच काठोकाठ असती, तर ती उलटून शून्यापाशी आली असती. कुणा अनोळखी माणसाच्या जुन्या सवयीसाठी एवढी जागा सोडलेली पाहून मला अम्मीची आठवण झाली. ती दळण देतानाही डबा गच्च भरत नाही.

त्या सातऱ्यावर आता दुसरे यंत्र आहे, प्रोग्रॅमही दुसऱ्या कुणाचा. माझ्या यंत्राच्या झाकणाला आतून मी एक कागद चिकटवला होता, त्यावर तो आकडा आणि फाइलचे नाव. ते झाकण भंगारात गेले असेल.

अम्मीने मात्र त्या बाजारी चाळीस पानी वही विकत घेतली. रोज काट्यावरून उतरले की स्वतःचे वजन तीत लिहायची, खालांचेही लिहायची. त्यांना लिहिता येत नव्हते. माझे यंत्र पुढे पूर्ण हंगाम न चुकता चालले. तिने वही बंद केली नाही.