ढालीवरचे सिंह आणि नोंदवहीतले नाव

चर्चमधील जुने कपाट आवरताना एक लॅटिन प्रार्थनाग्रंथ आमच्या हाती आला. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस मालकाची छापील चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर एक ढाल, ढालीवर एकाखाली एक असे तीन सिंह आणि तळाशी ओब्रायन हे आडनाव. शेजारी शाईने पूर्ण नाव आणि आयर्लंडमधील क्लेअर परगण्यातील एका गावाचे नाव लिहिलेले.

चिठ्ठी एकरंगी होती. परंतु अशा चित्रांतील रेघाही बोलतात. सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता या येशूसंघीय धर्मगुरूंनी १६३८ साली ग्रंथातून प्रसृत केलेल्या संकेतानुसार उभ्या रेघा म्हणजे तांबडा रंग, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी आणि कोरी जागा म्हणजे रुपेरी. त्यावरून ढाल तांबडी, सिंह अर्धे सोनेरी, अर्धे रुपेरी ठरले. हे ओब्रायन घराण्याचेच कुलचिन्ह! या घराण्याचा मूळपुरुष ब्रायन बोरू, १०१४ च्या शुभ शुक्रवारी क्लॉनटार्फच्या लढाईत मारला गेलेला आयर्लंडचा महाराजा. आमच्या कपाटात राजवंशीयाचा ग्रंथ असल्याचे आम्ही प्रवचनातही सांगून टाकले.

डब्लिनमधील एका धर्मगुरू स्नेह्यांच्या उत्तराने आमचा ताठा उतरला. ब्रायनच्या काळी कुलचिन्हे नव्हतीच. ती युरोपात बाराव्या शतकात आली. शिवाय कुलचिन्ह आडनावाला मिळत नसते, ते एका व्यक्तीला व तिच्या वारसांना मिळते. त्याच आडनावाचे इतर लोकही हौसेने ते छापून घेत.

मात्र स्नेह्यांनी त्या गावच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीतून एक ओळ उतरवून पाठवली होती. साल १८४७, भीषण दुष्काळाचे. बालकाचे नाव, पिता, माहेरच्या आडनावासह माता, दोन धर्ममातापिता. त्यामागची वाट बंद होती. १९२२ साली डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्याला लागलेल्या आगीत १८२१ ते १८५१ च्या जनगणनेची बहुतेक कागदपत्रे जळाली. कॅथलिक नोंदवह्या गावोगावच्या चर्चमध्येच राहिल्या, म्हणून वाचल्या.

ढालीने जे सांगितले नाही, ते घाईत असलेल्या एखाद्या गावच्या धर्मगुरूच्या एका ओळीने सांगितले. मातेचे माहेर तर ढालीवर कुठेच नव्हते.

त्या रात्री आम्ही आमचीच नोंदवही उघडली. आमच्याच हस्ताक्षरात, काही वर्षांपूर्वीच्या एका नोंदीत मातेच्या माहेरच्या आडनावाची जागा कोरी होती. दुसऱ्या दिवशी त्या घरी गेलो. माता निवर्तली होती. तिच्या वृद्ध आईने आडनाव सांगितले आणि विचारले, “फादर, आता ते कशाला?”

“तिच्या नातवंडांसाठी,” आम्ही म्हणालो आणि क्षमा मागितली.